अजीज मिस्त्रीची शटर उघडणारी गाडी

अजीज मिस्त्रीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. देगलुरात त्याचं दुकान आन माझी पिठाची गिरणी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून हाय, पण ह्या चाळीस वर्षांत हा माणूस एकदाबी घाईत दिसला न्हाई. मी दिवसभर ओरडून बोलतो. गिरणीच्या आवाजात ओरडल्याबिगर कुणाला कायबी ऐकू जात न्हाई, आन मग ती सवय घरीबी लागते. हा मात्र भिंतीपलीकडं मोटारसायकलीच्या वायरी मांडीवर घेऊन असा बसलेला, की बघणाऱ्याला वाटावं झोपलाय.

धंदा त्याचा गाडीच्या लाइटीचा. हॉर्न, बॅटरी, इंडिकेटर, सेल्फ. गिऱ्हाईक आलं की दुसरे मिस्त्री पाना काढतात. हा म्हणतो, "हॉर्न मार." हॉर्न वाजला की डोळे मिटतो. थोडा वेळ जातो. मग म्हणतो, "बॅटरीत पाणी कमी हाय," न्हाई तर, "मागं सीटखाली वायर घासून राहिली." आन तसंच निघतं की हो! मी भिंतीवरून ओरडायचो, "अरे हात लाव की गाडीला, माणूस उभा हाय कवाचा!" तो म्हणायचा, "ठैर ना वैजनाथ. ती बोलून राहिली ना."

त्याच्या डोक्यात कायतरी चालूच असायचं. सकाळी चहा पिताना सुरू करायचा, "वैजनाथ, मेरेकू काल काय दिसलं..." की मी समजायचो, आता गेला अर्धा तास. एकदा त्याला दिसलं की माझ्या गिरणीतलं धान्य संपत आलं की आपोआप घंटी वाजून राहिली. बसवली घंटी. लई चांगली चालली, फक्त पावसाळ्यात दमट हवेनं रात्रंदिवस वाजायला लागली, म्हणून मीच वायर तोडली. एकदा समोरच्या रामलिंग टेलरच्या मशीनला असा दिवा लावला, की पाय हलला की पेटतो आन थांबला की विझतो. रामलिंग म्हणला, "अजीजभाई, मला सुईत दोरा ओवायचा असतो तेव्हा पाय थांबलेला असतो." अजीज हसत राहिला. त्याला राग म्हणून येत न्हाई. त्याच्या वाटणीचाबी मलाच येतो.

आता एक सांगतो, ते ध्यानात ठेवा, न्हाई तर पुढचं कायबी कळायचं न्हाई. आमच्या गल्लीत गाडीवरचा माणूस थांबून रामराम करीत न्हाई. दारात उभा असलेला हात वर करतो, आन गाडीवरचा हॉर्नचे दोन बारके ठोके देतो. पिप-पिप. झाला रामराम, झाला सलाम. कुणी हात केला आन तुम्ही पिप-पिप दिलं न्हाई, तर समजायचं बोलणं बंद झालं. भावाभावांत वाटणीवरून बिनसलं की गल्लीला पहिल्यांदा हॉर्नवरूनच कळतं.

अजीजच्या घरापासून दुकानाला यायला पाच मिनिटं पुरतात. त्याला वीस लागायची. लाल हीरो होंडा, बैलगाडीच्या चालीनं, आन अंगठा सतत हॉर्नवर. व्यंकटीच्या हॉटेलापाशी पिप-पिप, रामलिंगला पिप-पिप, शाळेला चाललेल्या सुकन्या मॅडमला पिप-पिप, आन ओट्यावर बसलेल्या केरबाला तर त्यानं हात करायच्या आधीच. सगळ्यात शेवटी मला. मी हात वर केला न्हाई तरी मला मिळायचे दोन. मी म्हणायचो, "हॉर्न जाळशील एखाद्या दिवशी." तो म्हणायचा, "जळू दे. दुसरा बसवतो ना, माझंच दुकान हाय."

तीन वर्षांमागं तो माळ्यावरून पडला. जुनी बॅटरी काढायला शिडीवर चढला होता, आन त्याच्या डोक्यात त्या टायमाला काय दिसून राहिलं होतं ते अल्लालाच माहीत. डावा खांदा मोडला. खांदा सांधला, पण हात छातीच्या वर जाईना. गाडी चालवायला अडचण न्हाई, वायर जोडायला न्हाई. फक्त शटर उचलता येईना. त्याचं शटर जुन्या लोखंडाचं, आठ फुटी, आन असं जड, की धडधाकट माणसाला घाम यावा.

मग मी उचलायला लागलो. रोज सकाळी गिरणीचं कुलूप काढायच्या आधी त्याचं शटर. तो बाजूला उभा राहून "बिस्मिल्ला" म्हणायचा आन मी शिव्या देत उचलायचो. "काय लोखंड हाय का काय हाय! भंगारात घाल!" व्यंकटी चहा पाठवायचा, आम्ही पायरीवर बसून प्यायचो. आता खरं सांगायला काय हरकत हाय, मला ते आवडायचं. बायको गेल्यापासून सकाळ माझ्या अंगावर यायची. त्या शटरपायी मी वेळेवर उठायला लागलो.

आन मीच घोळ घातला. मागच्या वैशाखात भाचीच्या लग्नाला हिमायतनगरला गेलो. दोन दिवस म्हणून गेलो आन चार दिवस राहिलो. जाताना कुणालाच म्हणलो न्हाई, की बाबांनो, अजीजचं शटर तेवढं उचला. ध्यानातच आलं न्हाई. आन हा भिडस्त माणूस, कुणाला हाक मारंल तर शपथ. दोन दिवस पायरीवर बसून गिऱ्हाइकं केली. तिसऱ्या दिवशी वाटलं, बघू तर. लावला जोर. खांदा निखळला. व्यंकटीनं त्याला जीपमध्ये घालून नांदेडला दवाखान्यात नेलं. मला फोनवर कळलं तेव्हा माझ्या हातात लग्नातला जिलेबीचा तुकडा होता. तो ताटातच टाकून उठलो.

अजीजचा पोरगा आसिफ लातूरला असतो. चांगला पोरगा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेबनीस हाय, बाप म्हणजे जीव. तो आला आन आईबापांना लातूरला घेऊन गेला. दोन महिने ठेवून घेतलं. मग एक दिवस तो एकटाच गिरणीत आला आन मला म्हणला, "चाचा, आता बस झालं. दुकान भाड्यानं देतो. नांदेडचा एक मोबाइलवाला तयार हाय. अब्बा तिथंच राहतील माझ्याजवळ."

मी म्हणलो, "तो काय म्हणतो?"

"ते कायबी म्हणत न्हाईत. म्हणून तर मी म्हणून राहिलो." मग खाली बघून म्हणला, "चाचा, राग मानू नका. तुम्ही केलं तेवढं सख्खा भाऊ करत न्हाई. पण तुम्ही चार दिवस नव्हता तर हे झालं. माणूस स्वतःचं शटर उघडू शकत न्हाई, त्यानं दुकान कसं चालवावं?"

खरंच होतं ते. पण माझी जीभ कुठं ऐकते! मी ओरडलो, "उघडलं तर? त्यानं स्वतःचं स्वतः उघडलं तर?"

आसिफ म्हणला, "तर मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार न्हाई. महिनाभरानं जुम्म्याच्या दिवशी येतो मी. कुणाचा हात न लागता अब्बांनी शटर उघडून दाखवावं. न्हाई जमलं तर त्याच दिवशी मोबाइलवाल्याला चावी."

शब्द देऊन बसलो. आन त्या रात्री झोप लागली न्हाई, कारण निखळलेला खांदा घेऊन तो कसं उघडणार होता, ते मलाच माहीत नव्हतं.

अजीज लातूरवरून परतला तो वाळून गेलेला. पायरीवर बसला. चहा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो घाबरला न्हाई की चिडला न्हाई. लांब कुठंतरी बघत म्हणला, "वैजनाथ, मेरेकू लातुरात एक दिसलं."

त्याला दिसलं होतं ते असं. आसिफच्या बिल्डिंगीत खाली गाड्या ठेवायची जागा हाय, आन तिला मोटारीवर चालणारं शटर. दिवसभर काम न्हाई म्हणून हा तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. एक डॉक्टर रोज दुपारी जेवायला यायचा. तो गाडीतून उतरायचा न्हाई, खिडकीतून हात काढायचा न्हाई. गाडीतच, आरशापाशी, बटण बसवलेलं. तेवढं दाबलं की शटर हळूहळू वर. गाडी आत, शटर खाली. अजीज म्हणला, "आवाज नाही, धक्का नाही. जसं कोणी आतून ओळखलं, की आपला माणूस आला. मी रोज बघायचो. दोन महिने मी तेच बघितलं."

"मग?"

"माझ्या गाडीत बसवतो."

मी कपाळावर हात मारला. "अरे, रिमोट मिळतो बाजारात. खिशात ठेव आन दाब!"

"खिशातला रिमोट हरवतो, वैजनाथ. घरी राहतो, कुर्त्याबरोबर धुतला जातो. गाडीतला कुठं जातो? गाडी आली की दार उघडलं पाहिजे. मी पाय खाली टेकणारच न्हाई."

असं बोलताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मी रिमोटचा नाद सोडला.

नांदेडात एक कापडाचं दुकान मोडलं होतं, तिथली शटरची जुनी मोटर त्यानं आणवली. ती शटरच्या वरच्या दांड्याला एका अंगाला बसवली. वर चढून नटबोल्ट मी आवळले, खालून हा सांगायचा, "अजून थोडा. अजून. बस, बस, तिला दुखंल." आमच्याकडं लाइटीचा भरवसा न्हाई, म्हणून दोन मोठ्या बॅटऱ्या मोटरीला जोडल्या. मग रिमोट फोडला. आतली बोटभर पट्टी काढली आन गाडीच्या पुढच्या दिव्यामागं बसवली, गाडीच्या बॅटरीवर. आता प्रश्न राहिला बटणाचा. पट्टीला इशारा द्यायचा कशानं?

त्यानं हॉर्नचं बटण निवडलं. हॉर्नचे दोन बारके ठोके दिले, की पट्टी शटरला सांगणार, उघड. परत दोन दिले, की मिट. एक लांब ठोका रस्त्यातल्या म्हशीसाठी, त्याच्याशी शटरचा संबंध न्हाई. हे दोन ठोके ओळखणारी बारकी डबी जुळवायला त्याला एकोणीस दिवस लागले. जुळली तसं त्यानं ती एमसीलनं चारी बाजूंनी बंद करून टाकली, पाणी जाऊ नये म्हणून.

पहिली चाचणी सकाळी उजाडताना घेतली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. व्यंकटीची भट्टी पेटायची होती, सगळीकडं निळसर अंधार. मी गिरणीच्या दारात बसलो. तो वळणावरून आला, हळू, इंजिनाचा आवाजबी झोपेत असल्यासारखा. दुकानासमोरच्या लाइटीच्या खांबापाशी आल्यावर पिप-पिप. आन आठ फुटी लोखंड, ज्याला मी तीन वर्षं शिव्या दिल्या, ते आपण होऊन वर जायला लागलं. खालून एक फट, मग वीतभर, मग हातभर. आतला काळोख हळूहळू बाहेर आल्यागत वाटलं. टांगलेल्या वायरी दिसल्या, तांबड्या, पिवळ्या, निळ्या. हा न थांबता, न उतरता, तसाच आत गेला. आतून परत पिप-पिप, आन मागं शटर मिटलं. मी एकटाच गल्लीत राहिलो. मला वाटलं, आता मी कशाला सकाळी उठू? आन लगेच स्वतःची लाज वाटली.

आतून त्याचा आवाज आला, "वैजनाथ! दिसलं?"

"दिसलं," मी म्हणलो. "झक मारली आन दिसलं."

खरा तमाशा त्याच दिवशी दुपारी झाला. रामलिंग टेलर अजीजच्या दुकानात स्कूटरची वायर निवडत उभा होता. अजीज नमाजाला निघाला. गाडी काढली, केरबानं ओट्यावरून हात वर केला, ह्यानं पिप-पिप दिलं. शटर खाली, रामलिंग आत. आतून त्याची बोंब. अजीजला पत्ताच न्हाई, तो आपला पुढं. सुकन्या मॅडमनं हात केला. पिप-पिप, शटर वर. रामलिंग बाहेर धावला, तेवढ्यात व्यंकटी. पिप-पिप, शटर खाली. बरं झालं, रामलिंगचं पाऊल बाहेर पडलं होतं.

मी माझं दळण टाकून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत धावलो. "अरे शहाण्या! दोन ठोके म्हणजे तर तुझा सलाम हाय! एकोणीस दिवस डोकं लावलं आन हे सुचलं न्हाई?"

तो आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. म्हणला, "वैजनाथ, मी म्हणलं, अंगठ्याला जे आपोआप येतं तेच ठेवू. झोपेत पण चुकायचं नाही."

"फोड ती डबी. दुसरं बटण लाव."

"फोडली तर तुटंल. नवी करायला एकोणीस दिवस. जुम्मा परवा हाय."

मग त्यानं ठरवलं, अंगठ्याला रोजा ठेवायचा. परवापर्यंत कुणालाबी हॉर्न द्यायचा न्हाई. अंगठा सवयीला लागला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो गल्लीतून आला, मान ताठ, डोळे समोर, अंगठा मुठीत दाबून धरलेला. केरबानं हात वर केला. काय न्हाई. रामलिंगनं केला. काय न्हाई. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत बोभाटा. केरबा गिरणीत येऊन रडवेला झाला, "वैजनाथराव, माझं काय चुकलं? अजीजभाई बोलंना गेला." व्यंकटी तेलुगूत आधी देवाला आन मग मला विचारत होता, "एमायिंदि? काय झालं रं त्याला?" मी सगळ्यांना गोळा केलं आन गिरणी बंद करून बजावलं. म्हणलं, उद्या आठ वाजता आसिफ येतो. कुणी दारात उभं राहायचं न्हाई. कुणी हात वर करायचा न्हाई. ज्याचा हात दिसंल, त्याचं दळण मी जन्मात दळणार न्हाई. एका हातापायी आपला अजीज लातूरला जाईल, कळलं का?

सगळ्यांना कळलं.

जुम्म्याच्या दिवशी आठ वाजता आसिफ आला, संगं आई. बेगमबी भाभी रिक्षातून उतरल्या आन दुकानाच्या बाजूला पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. मी गिरणीच्या दाराआड. आख्खी गल्ली रिकामी. रामलिंगची मशीन बंद, ओटा मोकळा, हॉटेलाच्या दारावर पोत्याचा पडदा. वाजायला एक भांडंबी वाजंना. सकाळचं कोवळं ऊन मधोमध पडलेलं आन त्यात कुणीच न्हाई. आसिफनं इकडंतिकडं बघितलं. "चाचा, आज बाजार बंद हाय का?"

"गप बघ," मी म्हणलो.

वळणावर लाल गाडी दिसली. पांढरा धुतलेला कुर्ता, टोपी. ऊन मागून येत होतं म्हणून तोंड दिसंना. आला, रिकाम्या ओट्यासमोरून आला, बंद मशीनसमोरून आला, कुठंच बघितलं न्हाई. खांबापाशी पिप-पिप. शटर हललं. वर जायला लागलं. मी आसिफकडं बघितलं, त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. भाभींनी पदर सोडला. शटर कमरेवर, छातीवर, डोक्यावर. अजीज पाय न टेकता सरळ दाराकडं वळला आन मला त्याचं तोंड दिसलं. हसत होता. लहान पोरागत हसत होता, लेकाचा.

माझ्यानं राहवलं न्हाई. मी दाराआडून बाहेर आलो आन हात वर केला.

मीच! ज्यानं आख्ख्या गल्लीला दम भरला, तो मीच. हात वर गेला ते मला गेल्यावर कळलं. आन अजीजनं माझ्याकडं बघितलं, आन त्याच्या अंगठ्यानं जे करायचं ते केलं.

पिप-पिप.

पुढचं चाक आत होतं. शटर खाली यायला लागलं. मी धावलो, आसिफ धावला, दोघांनी खालून पट्टी धरली, पण मोटर ऐकंना. अजीजनं ब्रेक मारला, शटर पुढच्या दिव्यावर टेकलं, काच तडकली. त्यानं घाबरून परत दोन ठोके दिले तेव्हा कुठं ते वर गेलं. कुणाला लागलं न्हाई. पण अजीजचा पाय खाली टेकला होता, आन तो पायाकडं बघत तसाच गाडीवर बसून राहिला.

आसिफनं माझी बाही धरली. "चाचा! हे दाखवायला बोलावलं मला? मान सापडली असती तर?"

"माझ्यामुळं झालं!" मी ओरडलो. "त्याचं कायबी चुकलं न्हाई. मी हात केला म्हणून त्यानं सलाम दिला. दोन ठोक्यांवर शटर चालतं आन दोन ठोक्यांचाच ह्याचा सलाम. म्हणून तर सगळ्यांना आत घातलं होतं. या रे बाहेर! या आता, संपलं सगळं!"

पोत्याचा पडदा हलला. व्यंकटी आला. मशीनच्या मागून रामलिंग उठला. केरबा घरातून काठी टेकत आला. सुकन्या मॅडम हॉटेलाच्या मोरीतून बाहेर आल्या, शाळेला उशीर करून तिथं लपून बसल्या होत्या. सगळे मान खाली घालून उभे. आसिफ एकेकाकडं बघत राहिला.

"ही सगळी माणसं लपून बसली होती? अब्बांनी ह्यांना हॉर्न देऊ नये म्हणून?"

"कालपासून दिला न्हाई," केरबा म्हणला. "लई अवघड गेलं."

आसिफ गाडीपाशी गेला. आवाज एकदम बारीक झाला त्याचा. "अब्बा, लातुरात खांदा बसल्यावर माझी गाडी घेऊन तुम्ही रोज मशिदीत जायचे. महिनाभर. मी एकदाबी हॉर्न ऐकला न्हाई."

अजीज म्हणला, "वहां कौन हात उठाता, बेटा?"

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. तक्रारबी नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

भाभी पुढं आल्या. इतक्या वर्षांत त्या गल्लीत मोठ्यानं बोललेल्या मी ऐकल्या न्हाईत. म्हणल्या, "आसिफ, वहां नींद में इनका अंगूठा हिलता था. चद्दर पर. दो बार, फिर दो बार. मैं समझी, तसबीह के मनके फेर रहे."

आसिफ दुकानाच्या पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अजीज गाडीवरून उतरला, चांगला हात पोराच्या डोक्यावर ठेवून उभा राहिला.

थोड्या वेळानं आसिफनं खिशातून फोन काढला. नांदेडच्या मोबाइलवाल्याला लावला. म्हणला, "भाई, दुकान खाली नाही होत. माफ करा." फोन ठेवला, नाक पुसलं, आन बापाला म्हणला, "अब्बा, शटरला वेगळं बटण लावा. किती दिवस लागायचे ते लागू द्या. हॉर्न हॉर्नच राहू द्या." मग माझ्याकडं वळला. "आन चाचा, ते बटण होईपर्यंत तुम्ही कुठं लग्नाबिग्नाला जाणार न्हाई ना?"

"कुठं मरायला जातो?" मी म्हणलो. माझा आवाज फाटला होता, आन गिरणी तर बंद होती. "आन गेलोच, तर ह्याला मागं बसवून नेईन."